मनगटावरील घड्याळ आणि पुरुषाची भीड

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील एखाद्या गृहस्थास मनगटावर घड्याळ बांधावयास सांगितलें असतें, तर त्यानें तें हंसण्यावारी नेलें असतें. मनगटावर घड्याळ म्हणजे बांगडी, आणि बांगडी घालावी ती बायकांनीं! घड्याळ जाकिटाच्या खिशांत ठेवावयाचें व त्याची सोन्याची सांखळी पोटावर मिरवावयाची, हीच पुरुषाची रीत.

या रीतीच्या मुळाशीं मोठी गमतीची गोष्ट आहे. अठराव्या शतकांत युरोपांतील श्रीमंत पुरुष रेशीम, जर, लेस हीं सारीं स्त्रियांच्या बरोबरीनें वापरीत. १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीनंतर हा थाट ओसरला व काळा-करडा पोशाख रूढ झाला. फ्ल्यूगेल या मानसशास्त्रज्ञानें १९३० सालीं वस्त्रांच्या मानसशास्त्रावर ग्रंथ लिहिला. त्यांत या घटनेस त्यानें पुरुषांचा महान् त्याग असें म्हटलें आहे. सुंदर दिसण्याचा हक्क सोडून पुरुष केवळ उपयुक्त दिसूं लागला, असें त्याचें म्हणणें. पण हौस अशी मरत नसते. ती उपयोगाचें सोंग घेऊन परत येते. घड्याळ पडूं नये म्हणून सांखळी हवी, हें खरें. पण त्यासाठीं ती सोन्याचीच कशाला?

स्त्रियांना असल्या सबबीची गरज नव्हती. नेपोलियनची बहीण, नेपल्सची राणी कॅरोलिन म्यूरा, हिनें पॅरिसच्या ब्रेगे या कारागिराकडून १८१० सालींच मनगटी घड्याळ मागविलें होतें.

पुरुषांची भीड मोडली ती रणांगणावर. बोअर युद्धांत (१८९९–१९०२) ब्रिटिश अधिकारी खिशांतलीं घड्याळें कातडी पट्ट्यांत बसवून मनगटास बांधूं लागले. लगाम आणि दुर्बीण सांभाळतांना खिसे चांचपण्यास सवड कोठली? १९१४ च्या महायुद्धांत तर घड्याळ हेंच एक हत्यार झालें. तोफखान्यानें गोळ्यांचा पडदा ठरल्या मिनिटास पुढें सरकवावयाचा आणि पायदळानें त्याच्या मागोमाग चालावयाचें. वेळ चुकली तर आपल्याच तोफांखालीं आपलींच माणसें मरावयाचीं! म्हणून हल्ल्यापूर्वीं अधिकारी आपापलीं घड्याळें जुळवून घेत. अंधारांत वेळ दिसावी यासाठीं आंकड्यांस रेडियमचा रंग दिला जाई. हा रंग देणाऱ्या अमेरिकेंतील तरुण मुली कुंचल्याचें टोंक ओठांनीं बारीक करीत. कित्येकींचे जबडे सडले, कित्येक मरण पावल्या. न्यू जर्सींतील पांच जणींनीं दाद मागितली, तेव्हां १९२८ सालीं तडजोड होऊन त्यांना भरपाई मिळाली. पुरुषाच्या मनगटावरील त्या तेजाचें कौतुक करतांना या मुलींची आठवण सहसा कोणास होत नाहीं.

खंदकांतून परतलेल्या सैनिकाच्या मनगटाकडे पाहून त्यास बांगडी म्हणण्याची छाती आतां कोणास होणार? पट्टा पूर्वीचाच होता. पण तो बांधणाऱ्याकडे पाहण्याची नजर पार बदलली. पुढें ज्यांनीं खंदक डोळ्यांनीं पाहिलाहि नव्हता, असे कारकून आणि विद्यार्थीहि तसलेंच घड्याळ बांधूं लागले, आणि सांखळीचें घड्याळ आजोबांच्या खिशांत राहिलें.