दंड घातलेले लुगडे

बोईसरजवळच्या एका घरी पावसाळा संपल्यावर एक जुनी गोधडी उसवायला काढली होती, तेव्हा आम्ही योगायोगाने तिथे होतो. गोधडी ओल धरून जड झाली होती आणि तिचे आतले कापड गोळा होऊन एका कडेला सरकले होते. ती टाकून द्यावी असे घरातल्या तरुण मंडळींचे मत होते. आजींचे म्हणणे, आधी उसवून तर बघू. त्यांनी कडेचा एक टाका कापला, दोऱ्याचे टोक चिमटीत धरले आणि ओढले. हातभर दोरा सरसर निघून आला. तासाभरात अंगणात चार थर वेगवेगळे पसरले होते.

सगळ्यात वर फुलाफुलांची पॉलिएस्टरची साडी. तिच्याखाली सुती छापील पातळ. त्याखाली धोतराचे दोन तुकडे. आणि सगळ्यात आत एक जाडेभरडे, रंग पार उडालेले नऊवारी लुगडे. त्या लुगड्याला एका ठिकाणी या काठापासून त्या काठापर्यंत आडवी शिवण होती. शिवण इतकी सपाट, की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. ‘‘हा दंड,’’ आजी म्हणाल्या. ‘‘आमच्या सासूबाईंनी घातलेला. कंट्रोलच्या वेळचा.’’

इतिहासाच्या पुस्तकात आपण राजांची नाणी आणि ताम्रपट पाहतो. घरातली गोधडी हाही तसाच कागदपत्र आहे असे आम्हाला त्या दिवशी वाटले. तो वाचायचा मात्र आतून बाहेर.

‘दंड घालणे’ हा शब्दप्रयोग आज पन्नाशीच्या आतल्या किती जणांना ठाऊक असेल? दंड म्हणजे इथे शिक्षा नव्हे. लुगडे किंवा धोतर विरले, की विरलेला भाग काढून टाकून उरलेली चांगली टोके एकमेकांना जोडायची, किंवा दोन जुन्या लुगड्यांचे धड भाग जोडून एक नेसण्याजोगे लुगडे करायचे, त्या जोडाला दंड म्हणत. यामागे एक साधे निरीक्षण आहे. कापड सगळीकडे सारखे झिजत नाही. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. त्यातला कासोट्याचा आणि बसण्याचा भाग जमिनीशी, पाटाशी, बांधाच्या दगडाशी रोज घासला जातो. बाकीच्या बऱ्याचशा भागाला त्या मानाने काहीच होत नाही. म्हणजे ‘लुगडे फाटले’ असे आपण म्हणतो तेव्हा खरे तर वार-दीड वारच फाटलेले असते.

हीच गोष्ट हजारो मैलांवर इंग्लंडमधल्या बायकांनाही ठाऊक होती. तिथे पलंगपोस मधोमध विरला, की तो उभा फाडून दोन्ही कडा मध्ये आणून जोडत आणि विरलेला भाग कडांना जाई. दुसऱ्या महायुद्धात १ जून १९४१ पासून ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले आणि ते १९४९ पर्यंत चालले. १९४३ साली तिथल्या सरकारने जुने कपडे दुरुस्त करून वापरण्याच्या युक्त्यांची एक पुस्तिकाच छापली. त्यात आजीबाईंच्या बटव्यातलेच पुष्कळसे होते. फक्त त्यावर सरकारी मोहोर उमटली होती.

आपल्याकडे पुस्तिका नव्हती, टंचाई मात्र होती. मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी कापड गिरणीचा पाया घातला आणि पुढच्या दशकात मुंबई-सुरत रेल्वे झाली, तेव्हापासून पालघर-डहाणूच्या पट्ट्यात गिरणीचे कापड सहज येऊ लागले होते. युद्ध सुरू झाल्यावर गिरण्यांचे माग सैन्याच्या कापडासाठी राबू लागले, परदेशी माल येईनासा झाला आणि भाव कित्येक पटींनी चढले. १९४३ च्या जूनमध्ये सरकारने सूत आणि कापड यांच्यावर नियंत्रण आणणारा हुकूम काढला. लोकांच्या तोंडी त्याचे नाव झाले ‘कंट्रोल’. जानेवारी १९४८ मध्ये हे नियंत्रण उठले, लगेच भाव भडकले आणि त्याच वर्षी ते पुन्हा आणावे लागले. जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘कंट्रोलचे कापड’ म्हणजे जाडेभरडे आणि रांगेत उभे राहून मिळणारे, हा अर्थ तेव्हापासून रुजला. गोधडीच्या पोटातले लुगडे त्या काळातले होते.

तो दंड आम्ही भिंगाखाली पाहिला. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की कापड कात्रीने कापलेले नव्हते, फाडलेले होते. साध्या विणीचे सुती कापड एकदा टोकाला छेद देऊन फाडले, की ते आडव्या धाग्याच्या रेषेतच फाटत जाते. कात्री तिरकी जाऊ शकते, फाडणे सहसा जात नाही. सरळ धाग्यावर जोडलेले दोन तुकडे ओढ बसल्यावर सारखे ताणले जातात. एक तुकडा जरा तिरका असला तर तो अधिक ताणतो, दुसरा ताणत नाही आणि शिवण चुणते. (वर्गात हे सहज दाखवता येते. रुमालाची समोरासमोरची दोन टोके तिरकी धरून ओढा, मग त्याच्या दोन कडा धरून ओढा. तिरक्या दिशेने तो किती लांबतो ते मुलांना मोजू द्या.)

दुसरी गोष्ट दोऱ्याची. दोरा रिळाचा नव्हता. तो त्याच लुगड्याच्या फाडलेल्या भागातून उपसून, दोन-तीन पदरी करून घेतला होता. आम्ही समजत होतो की हे केवळ पैसे वाचवण्यासाठी. आजींनी आमचा गैरसमज दूर केला. ‘‘नवा दोरा जुन्या कापडाला कापतो.’’ याचा अनुभव आम्हाला आहे. एका विरलेल्या सुती चादरीला आम्ही पॉलिएस्टरच्या चिवट दोऱ्याने ठिगळ लावले होते. दोन धुण्यांत ठिगळ आणि दोरा शाबूत राहिले आणि चादर मात्र टाक्यांच्या ओळीने, पोस्टाचे तिकीट फाटावे तशी फाटली. शिवणीवर ताण आला की तिथे सर्वांत दुबळी वस्तू आधी हार मानते. दोरा दुबळा असेल तर टाका तुटतो. तो पाच मिनिटांत पुन्हा घालता येतो. कापड दुबळे असेल तर भोके रुंदावतात आणि त्यावर इलाज नसतो. विजेच्या जोडणीत आपण फ्यूजची तार मुद्दाम कच्ची ठेवतो, त्यातलाच हा विचार आहे.

तिसरी गोष्ट टाक्यांची. दंडाला दुमडून घातलेली बारीक, घट्ट दुहेरी शिवण होती, तर गोधडीवर मोठा, सैल धावदोरा. एकाच घरच्या बायकांनी दोन ठिकाणी दोन वेगळे टाके का घातले? दंडाला रोजची ओढ सोसायची होती. गोधडीला उसवता आले पाहिजे होते. धावदोऱ्यात एकच दोरा खाली-वर जातो. गाठ कापली की तो ओढून निघतो आणि कापड पुन्हा मोकळे होते. यंत्राच्या टिपेत वरचा आणि खालचा असे दोन दोरे प्रत्येक टाक्याला एकमेकांत अडकतात, म्हणून ती पक्की असते आणि उसवताना नाकी नऊ आणते. शिवणयंत्राला आमचा विरोध नाही. यंत्रांबद्दल साशंक असलेल्या गांधीजींनीही सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद केले होते, आणि १९३५ पासून ‘उषा’ने ते देशी बनावटीत आणले. पण पुन्हा वापरायच्या कापडाला हातशिलाई का, याचे उत्तर या साध्या फरकात आहे. लहान मुलांचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ शिवत, आत दुमड राखून ठेवत आणि ती वर्षावर्षाला उसवत, तिथेही हाच हिशेब होता.

धावदोरा सैल असण्याचे आणखी एक कारण आहे. गोधडीची ऊब कापडात कमी आणि थरांमध्ये कोंडलेल्या हवेत अधिक असते. स्थिर हवा उष्णतेची फार मंद वाहक आहे. पाणी तिच्यापेक्षा वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. टाके दाट आणि आवळून घातले तर थर दबतात, हवा निघून जाते. फार विरळ घातले तर आतले कापड सरकून गोळा होते. दोन ओळींत किती अंतर ठेवायचे हे बोटांनी मोजून ठरत असे. आणि ओल धरलेली गोधडी गार का लागते, हेही इथेच कळते: हवेची जागा पाण्याने घेतलेली असते.

तान्ह्या बाळाची दुपटी आणि लंगोट जुन्या लुगड्याचेच असावेत, हा घरोघरचा नियम. त्याला शास्त्राचा आधार आहे. नव्या सुती कापडात मागावर सूत तुटू नये म्हणून लावलेली खळ असते, शिवाय कापसाच्या तंतूवर मुळातच मेणासारखा थर असतो. दोन्हींमुळे कापड ताठ राहते आणि पाणी लवकर शोषत नाही. शेकडो धुण्यांत खळ जाते, मेण जाते, तंतू सुटे होतात. कापड दुबळे होते खरे, पण तेच मऊ आणि शोषक होते. म्हणजे लुगडे म्हणून निकामी होत असतानाच दुपटे म्हणून ते लायक होत असते.

हे सगळे सांगताना एक गोष्ट विसरता येत नाही. काटकसर करायला आधी थोडे तरी हाती असावे लागते. याच जिल्ह्याच्या डोंगरपट्टीत त्या वर्षांत वारली कुटुंबे वेठबिगारीत राबत होती. अंगावर लंगोटी किंवा गुडघ्यापर्यंतचा एक कपडा, एवढीच कित्येकांची वस्त्रसंपत्ती होती. १९४५ च्या मे महिन्यात झरी गावी किसान सभेच्या परिषदेत वारल्यांनी वेठीला नकार दिला. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो काळ वाचायला मिळतो. दंड घालायला दुसरे लुगडे लागते. जिच्याकडे एकच आहे आणि ते वाळेपर्यंत जिला बाहेर पडता येत नाही, तिच्यापुढे युक्तीचा प्रश्नच उभा राहत नाही.

नेमक्या त्याच वर्षी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि त्यांनी अनुताई वाघ यांच्यासह ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती, खेड्यातल्या बालवाडीला ती परवडण्यासारखी नव्हती. ताराबाईंनी बिया, पाने, खडे, शिंपले अशा आसपासच्या वस्तूंतून साधने उभी केली. आमच्या मते ही घरातल्या आजीची रीत शाळेत आणणे होते, आणि तीही नुसती स्वस्त पर्याय म्हणून नाही. वस्तूत कोणता गुण आहे ते पाहून तिचे काम ठरवायचे, हा दोन्हीकडचा समान धागा. माँटेसरीची गुंड्या लावायची लाकडी चौकट विकत घेण्याऐवजी जुन्या सदऱ्याची गुंडीपट्टी वापरली, तर मुलाच्या बोटांना तेच शिक्षण मिळते.

आता गोधडीच्या वरच्या थराकडे येऊ. पॉलिएस्टरचा धागा १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी शोधला, म्हणजे इकडे दंड घातले जात होते साधारण त्याच सुमारास. आपल्याकडे तो टेरिलीन, टेरिकॉट अशा नावांनी साठीच्या दशकात आला. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि तिथे रसायनांच्या जोडीने कृत्रिम धाग्याचे नि कापडाचे कारखानेही आले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणीच्या सुती कापडाचे दिवस सरत गेले. ज्या घरात आम्ही बसलो होतो तिथली पुढची पिढी अशाच एका कारखान्यात कामाला होती.

नव्या कापडाने बायकांचे कष्ट वाचवले, हे आधी मान्य करायला हवे. ते झटकन वाळते, इस्त्री मागत नाही, वर्षानुवर्षे विरत नाही. दंड घालण्याची वेळच येत नाही. पण जुन्या ज्ञानातले पुष्कळसे त्याला लागूही पडत नाही. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून त्याचे दुपटे होत नाही, पोतेरे होत नाही, दिव्याची वातही होत नाही. घासले गेले की त्याचे सूक्ष्म तंतू सुटतात. ते कुजत नाहीत आणि धुण्याच्या पाण्याबरोबर ओढ्या-खाडीपर्यंत पोचतात.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. जुन्या कपड्यांतून दोन-तीन प्रकारचे धागे उपसा, चिमट्यात धरून मेणबत्तीच्या ज्योतीजवळ न्या. सुती धागा कागदासारखा जळतो, कागद जळल्याचाच वास येतो आणि राख बोटाने चुरता येते. पॉलिएस्टर आधी आक्रसते, वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. टेरिकॉटमध्ये दोन्हींची लक्षणे दिसतात. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतःच करावा, धागा बोटभरच घ्यावा आणि जवळ पाण्याचे भांडे ठेवावे. वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. चुलीपाशी काम करताना सुतीच नेसावे, असा जुन्या बायकांचा आग्रह का असतो, हे मुले आपणहून सांगतील.

संध्याकाळपर्यंत अंगणातले थर वाळले. धोतराच्या तुकड्यांतला एक धड होता, तो पुन्हा आत घ्यायचे ठरले. छापील पातळाची हातपुसणी निघाली. कंट्रोलचे लुगडे आता सुईसुद्धा धरत नव्हते. आजींनी त्याच्या पट्ट्या फाडून देवापुढच्या काकड्यांसाठी बाजूला ठेवल्या. दंडाचा तुकडा त्यांनी आम्हाला दिला, तो शाळेच्या कपाटात आहे. वरची फुलाफुलांची साडी मात्र जशीच्या तशी होती. ती झटकून त्यांनी नव्या गोधडीवर पुन्हा घातली.