तुणतुण्याची कुळकथा

एखादा मनुष्य तेंच तें पुन्हा पुन्हा सांगूं लागला म्हणजे 'लावलें यानें आपलें तुणतुणें!' असें आपण वैतागून म्हणतों. सुशिक्षितांच्या घरांत त्या बिचाऱ्या वाद्याची एवढीच ओळख उरली आहे. आमचीही स्थिति याहून निराळी नव्हती. परंतु परभणी जिल्ह्यांतील पोखर्णीस नृसिंहाच्या दर्शनासाठीं गेलों असतां तेथील एका घरीं लग्नानंतरचा गोंधळ ऐकण्याचा योग आला, आणि गोंधळ्याच्या साथीदारानें हातांतील तुणतुणें स्वतःच बनविलें आहे हें कळतांच आमचें कुतूहल जागें झालें.

रचना म्हणाल तर अगदीं साधी. सुमारें वीतभर उंचीचें लांकडाचें पोकळ नळकांडें, त्याच्या तळाला ताणून बसविलेलें बकऱ्याचें कातडें, बाहेरच्या अंगाला जखडलेली एक काठी व तिच्या शेंड्याजवळ खुंटी. तार कातड्याच्या मध्यांतून ओवून आंतल्या पोकळींतून वर खुंटीपर्यंत नेलेली असते. ती निसटूं नये म्हणून कातड्याखालीं तिच्या टोकाला लहानसा तुकडा अडकवितात. खुंटी पिळली कीं स्वर चढतो, आणि लांकडाच्या चिमुकल्या तुकड्यानें छेडतांच तार बोलूं लागते. पोखर्णीच्या त्या वाद्याला मात्र लांकडाऐवजीं तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा होता. "लांकूड मिळालें नाहीं काय?" असें आम्हीं विचारिलें. "मिळतं की, मालक. पण संबळापुढं पत्र्याचाच आवाज वर येतो," असें उत्तर आलें.

या एका उत्तरानें आमचा मोठा गैरसमज दूर झाला. तुणतुणें म्हणजे गरिबाचा तंबोरा, असें आम्ही समजत होतों. वस्तुतः तंबोरा दिवाणखान्यांतला. गायकाच्या पाठीशीं मंदपणें गुंजत राहावें, हा त्याचा धर्म. तुणतुण्याला उघड्या अंगणांत, दांडक्यांनीं वाजणाऱ्या संबळाच्या कडकडाटांत, स्वर आणि लय दोन्ही एकाच तारेवर सांभाळावयाचीं असतात. त्याचा कर्कशपणा हा दोष नव्हे. तो मुद्दाम साधलेला गुण आहे. पोवाड्यांत डफाशेजारीं आणि तमाशांत ढोलकीशेजारीं तें टिकून राहिलें तें याच गुणावर.

एका तारेला आपल्याकडे पूर्वीं मोठी प्रतिष्ठा होती. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या (१२१०–१२४७) आश्रयास राहून शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' रचिला. त्यांत एकतंत्री वीणेचें सविस्तर वर्णन आहे. त्याच्याही आधीं, सुमारें ११३१ सालीं, सोमेश्वराच्या 'मानसोल्लासां'त 'गोंडली' नृत्याचा उल्लेख येतो. यावरून तुणतुण्याला एकतंत्रीच्या वंशांत नेऊन बसविण्याचा मोह होतो. पण तो आवरलेलाच बरा. ग्रंथकारांनीं मापें टिपून ठेविलीं तीं राजसभेंतील वीणांचीं. अंगणांत गाणाऱ्यांनीं आपलीं मापें बोटांतच ठेविलीं.

दूर अमेरिकेंतही असेंच घडलें. तेथें चिरुटांच्या रिकाम्या लांकडी पेट्यांना दांडा व तारा लावून लोकांनीं गिटारी आणि सारंग्या बनविल्या. एडविन फोर्ब्स या चित्रकारानें १८७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका चित्रांत यादवी युद्धांतील सैनिक अशीच पेटीची सारंगी वाजवीत बसला आहे. त्यानें व आमच्या गोंधळ्यानें परस्परांचें नांवही ऐकलेलें नसणार. पेटी रिकामी झाली कीं हात स्वस्थ बसत नाहींत, एवढेंच दोघांत समान.

गोंधळ पहाटे संपला. साथीदारानें खुंटी सैल केली, वाद्य फडक्यांत गुंडाळलें व आपली अडचण सांगितली. कातड्याची त्यास चिंता नव्हती; पत्र्याच्या डब्याची होती. हल्लीं तेल प्लॅस्टिकच्या डब्यांतून येतें, आणि त्यावर ताणलेलें कातडें कांहीं केल्या धरत नाहीं. आमच्या माळ्यावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा पडून असल्याचें आम्हांस आठवलें व पुढील खेपेस तो आणण्याचें आम्हीं कबूल केलें.

"गोल असला तरच आणा, मालक," तो म्हणाला. "चौकोनी माझ्या कामाचा नाही."