न्हावा-शेव्याला आलेला हुकूम

27 जून 2017. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल अचानक ठप्प झालं. मर्स्क समूहाचं हे टर्मिनल, क्षमता वर्षाला वीस फुटी 18 लाख कंटेनरची. क्रेन शाबूत होत्या, पण कॉम्प्युटर बंद. काम हाताने करायची वेळ आली.

मूळ युक्रेनमध्ये होतं. तिथल्या एमईडॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा व्हायरस घुसला. अपडेट नेहमीच्या वाटेने आलं, म्हणून कुणी अडवलं नाही. आत शिरताच त्याने मेमरीतून अ‍ॅडमिनचे पासवर्ड उचलले आणि विंडोजच्याच साधनांनी शेजारच्या मशीनवर उडी मारली. सुरक्षा-पॅच लावलेली मशीनही त्यामुळे पडली.

हे विंडोजचं झालं. पण लिनक्सवर शेल स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना यातले दोन प्रश्न जुनेच आहेत: हुकूम कुठून येतो आणि कुणाच्या अधिकाराने चालतो? तुम्ही नुसतं ‘एलएस’ टाइप करता, तेव्हा शेल ‘पाथ’ नावाच्या यादीतले फोल्डर ओळीने धुंडाळतो आणि पहिला सापडेल तो एलएस चालवतो. पूर्वी अनेकांच्या यादीत सुरुवातीलाच टिंब असे, म्हणजे ‘मी आत्ता आहे तो फोल्डर’. टेंपमध्ये खोटा एलएस ठेवायचा आणि रूट तिथे येण्याची वाट बघायची, बस! कुलूप फोडायची गरजच नाही, मालकच दार उघडतो.

1980 च्या सुमारास बफलोच्या विद्यापीठात ‘सुडो’ तयार झाला. आता रूटचा पासवर्ड न वाटता ठरावीक कामापुरता अधिकार देता येऊ लागला. पुढे त्यात पाथची स्वतंत्र, सुरक्षित यादीही आली. म्हणून स्क्रिप्टमध्ये पाथ आपणच ठरवायचा, कमांडचा पत्ता स्लॅशपासून पूर्ण लिहायचा आणि रूट लागेल तेवढ्याच ओळीला द्यायचा.

एवढ्याने भागतं का? माझ्या मते नाही. एमईडॉकचा पत्ता बरोबरच होता, त्या पत्त्यावरचा माल बदलला होता. रूटच्या क्रॉनमधली स्क्रिप्ट साध्या युजरला एडिट करता येत असेल, तर तिचा पूर्ण पत्ता लिहून काय उपयोग? फाइलवर आणि तिच्या फोल्डरवर लिहिण्याचा हक्क कुणाला आहे, हे आधी बघायचं.

मर्स्कने दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 पीसी नव्याने उभे केले. युजरची ओळख आणि अधिकार सांभाळणाऱ्या सर्व्हरची एकच धड प्रत उरली होती, घानामध्ये. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती.