आगगाडीची हमी आणि रयतेचा पैसा

लोंढ्याहून मुरगावकडे निघालेली गाडी कॅसलरॉक सोडून घाट उतरू लागली, की प्रवासी खिडकीशी गोळा होतात आणि दूधसागर दिसला की बहुतेकांचे समाधान होते. वकिलाचा स्वभाव मात्र वाकडा. या बोगद्यांचा आणि पुलांचा खर्च कोणी दिला, आणि तो वाजवी होता की नाही हे कोणी पाहिले, असा प्रश्न त्याच्या मनात येतो. त्याचे उत्तर शोधू गेल्यास घाटाच्या वाटेने नव्हे, तर लंडनमध्ये झालेल्या एका कराराच्या वाटेने मागे जावे लागते.

हा करार १७ ऑगस्ट १८४९ चा. एका बाजूस ईस्ट इंडिया कंपनी, दुसऱ्या बाजूस नुकतीच स्थापन झालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी. प्रारंभीचे भांडवल पाच लाख पौंडांचे. सरकारने जमीन ९९ वर्षांसाठी फुकट द्यावी, आणि गाडी चालो वा न चालो, भागीदारांच्या भांडवलावर वार्षिक पाच टक्के व्याज पडेल याची हमी घ्यावी, असे ठरले. हिशेबासाठी रुपयाचा दर एक शिलिंग दहा पेन्स असा कायम धरण्यात आला. शिवाय आणखी एक कलम होते. कंपनीस धंदा नकोसा झाल्यास तिने सहा महिन्यांची सूचना देऊन रेल्वे सरकारच्या हवाली करावी आणि घातलेले भांडवल परत घ्यावे. करार दोन पक्षांचा खरा, परंतु जोखीम एकाच पक्षाची, आणि त्या पक्षाच्या मागे उभी असलेली हिंदी रयत करारावर सही करावयास कोठेच नव्हती.

येथे वाचक विचारील की सरकारने देखरेखीची काहीच तजवीज केली नव्हती काय? केली होती, आणि कागदावर ती चांगली भक्कम होती. कंपनीच्या संचालक मंडळावर सरकारचा एक संचालक बसे आणि त्यास नकाराधिकार असे. हिंदुस्थानात सरकारी सल्लागार इंजिनिअर नेमलेले असत आणि खर्चास त्यांची संमती लागे. परंतु कंपनीचे मंडळ लंडनला, काम सह्याद्रीत आणि पत्र पोहोचावयास आठवडेच्या आठवडे, अशी स्थिती. इंजिनिअराने एखादा खर्च अडविला तर काम रखडे. काम रखडले तरी व्याज सुरूच राही. मग संमती देणे हेच सोयीचे ठरे. देखरेखीचा अधिकार असणे निराळे आणि तो वापरण्यात कोणाचे तरी हित असणे निराळे, हा भेद करार लिहिणारांच्या ध्यानी आला नाही, किंवा आला असूनही त्यांनी तो मनावर घेतला नाही.

बोरघाटाचे काम १८५६ साली सुरू झाले. ते ठेकेदाराकडे होते आणि मजूर हजारोंनी होते. मजुरी थकल्यावरून १८५९ च्या जानेवारीत तेथे दंगा झाला. पहिल्या ठेकेदाराने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही दिवसांतच वारला आणि त्याची विधवा ॲलिस हिने ठेका पुरा केला. १८६३ साली घाट खुला झाला तेव्हा मोठा समारंभ झाला. पुढे चारच वर्षांनी, १८६७ च्या जुलैत, याच घाटातला दगडी कमानींचा एक मोठा पूल कोसळला. चौकशीत बांधकाम निकृष्ट निघाले आणि या रेल्वेचे इतरही पूल तपासावे लागले. आता दुरुस्तीचा खर्च कोणाच्या माथी? तो भांडवलात धरला तर त्यावरही हमीचे व्याज चढणार. उत्पन्नातून वजा केला तर, उत्पन्न पाच टक्क्यांच्या खाली असेतोवर, पडलेली तूट सरकारच भरून काढणार. कोणत्याही खात्यावर मांडा, शेवट एकाच तिजोरीत.

लोहमार्गास मैली आठ हजार पौंड पडतील असा प्रारंभीचा अंदाज होता. प्रत्यक्षात अठरा हजारांच्या आसपास पडले. १८७२ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या चौकशी समितीपुढे माजी अर्थमंत्री विल्यम मॅसी यांनी साक्ष दिली. पाच टक्के एकदा पदरात पडावयाचे ठरल्यावर आपला पैसा हुगळीत बुडाला काय किंवा विटा-चुन्यात गेला काय, इंग्रज भांडवलदारास त्याची फिकीर नव्हती, अशा आशयाचे ते बोलले. पुढल्या वर्षी दादाभाई नौरोजी आणि नौरोजी फर्दुनजी यांनीही समितीपुढे हिंदुस्थानची बाजू मांडली. सत्य अशा रीतीने दप्तरी नोंदले गेले. परंतु हमीवरचा पैसा तोवर बहुतेक खर्च होऊन गेला होता, करार कायम होते आणि कोणत्याही अधिकाऱ्यास त्याचा जाब द्यावा लागला नाही. ज्या पार्लमेंटपुढे सरकार उत्तरदायी होते, त्यात कर भरणाराचा एकही प्रतिनिधी नव्हता. उत्तरदायित्व होते, पण ते पैसा देणाराशी नव्हते.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. हमीवाचून इंग्रजी भांडवल इतक्या दूर आले असते की नाही, याची शंका आहे. आगगाडीने बाजारपेठा जोडल्या आणि दुष्काळात धान्यही वाहून नेले. तथापि कित्येक दोष टाळता येण्याजोगे होते. १८६९ नंतर सरकारने स्वतःच लोहमार्ग बांधावयास घेतले, यावरून हमीखेरीज दुसरी वाट होती हे दिसते. त्याच सुमारास मात्र जी. आय. पी. रेल्वे १८७४ साली विकत घेण्याचा करारातला हक्क सरकारने सोडून दिला. अखेर ती १९०० साली विकत घेतली गेली, आणि किमतीच्या वार्षिक हप्त्यांची मुदत ठरली १९४८ पर्यंतची!

आता गोव्याकडे वळू. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्यातील मिठागरे ब्रिटिशांच्या ताब्याखाली गेली आणि त्याबद्दल पोर्तुगीज सरकारास वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. त्याच तहातून मुरगावचे बंदर आणि लोहमार्ग उभा राहिला. कंपनी लंडनची, हमी पोर्तुगीज सरकारची. म्हणजे साचा जुनाच, मुकुट तेवढा निराळा. १८८८ साली मार्ग घाटापर्यंत पुरा झाला, पण पहिली कित्येक वर्षे त्याचे उत्पन्न हमीस पुरेना. भागीदाराचे व्याज कागदावर सुरक्षित होते. आगरातल्या मीठ पिकविणाराच्या मिळकतीची हमी मात्र कोणी घेतली नव्हती. तह १८९२ साली संपुष्टात आला. हमीचे ओझे तहाबरोबर संपले नाही.

सरकारने एखाद्या उद्योगास मदत देऊ नये, असा याचा अर्थ नव्हे. मदत द्यावी, पण खर्च वाढल्याने ज्याचा लाभ होतो त्याच्या खिशाला थोडी तरी तोशीस राहील असे कलम आधी लिहावे, आणि काम थांबविण्याचा अधिकार ज्यास दिला त्याने तो न वापरल्यास त्याच्याकडे जाब मागण्याची सोय करावी. चौकशी समिती ही त्या कलमाची जागा घेऊ शकत नाही. पूल पडल्यावर चुना भेसळीचा होता हे सिद्ध करणे सोपे असते. तो कालवला जात असताना तेथे उभे राहून हरकत घेणारा मनुष्य हवा, आणि त्याच्या हरकतीस मान देणे सरकारास भाग पडले पाहिजे.