शिहॅलियन

शिहॅलियन हा स्कॉटलंडच्या पर्थशर भागातील एक डोंगर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची १,०८३ मीटर आहे. टे, रॅनोक व टमेल या तीन सरोवरांच्या परिसरात तो इतर शिखरांपासून अलग उभा असल्याने दूरवरूनही सहज ओळखू येतो. तुलनेने सोपी पायवाट आणि माथ्यावरून दिसणारा विस्तीर्ण प्रदेश यांमुळे पदभ्रमण करणाऱ्यांमध्ये हा डोंगर लोकप्रिय आहे. इ.स. १७७४ मध्ये पृथ्वीची सरासरी घनता मोजण्यासाठी येथे प्रयोग झाला, त्यामुळे विज्ञानाच्या इतिहासातही त्याला स्थान आहे.

नाव

'शिहॅलियन' हे स्कॉटिश गेलिक भाषेतील मूळ नावाचे इंग्रजी वळणाचे रूप आहे. त्याचा अर्थ सामान्यतः 'कॅलेडोनियन लोकांची परी-टेकडी' असा सांगितला जातो. रोमन लेखकांनी उत्तर ब्रिटनमधील एका जमातीला कॅलेडोनियन म्हटले होते. जवळच्या डंकेल्ड या गावाच्या नावातही हाच शब्द असून त्याचा अर्थ 'कॅलेडोनियनांचा किल्ला' असा होतो. डोंगराच्या दक्षिणेकडील दरीतील एका गुहेविषयी परीलोकाच्या दंतकथा प्रचलित आहेत.

भूगोल आणि भूरचना

शिहॅलियनचा माथा म्हणजे पूर्व-पश्चिम पसरलेली लांबट धार आहे. तिच्या उत्तर व दक्षिण बाजू तीव्र उताराच्या आहेत, तर पूर्वेकडील सोंड सावकाश उतरत जाते. पश्चिमेकडून, विशेषतः रॅनोक सरोवराच्या बाजूने पाहिल्यास मात्र डोंगर शंकूसारखा दिसतो. त्याचा वरचा भाग क्वार्ट्झाइट या अतिशय कठीण रूपांतरित खडकाचा आहे. हा खडक झिजून त्याची माती होण्याऐवजी थंडीने तडकून त्याचे तुकडे पडतात. त्यामुळे माथ्याकडील धार फिकट रंगाच्या धोंड्यांनी झाकलेली आहे. पूर्वेकडील खालच्या उतारांवर चुनखडकाचे थर उघडे पडले आहेत आणि तेथे चुनखडीच्या जमिनीत वाढणाऱ्या वनस्पती आढळतात.

३,००० फुटांहून (९१४.४ मीटर) उंच असलेल्या स्कॉटलंडमधील प्रमुख शिखरांना 'मन्रो' म्हणतात. ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये अशा शिखरांची पहिली यादी प्रसिद्ध केली. सध्याच्या यादीत २८२ शिखरे असून शिहॅलियन त्यांपैकी एक आहे. ही सर्व शिखरे चढून जाण्याचा संकल्प अनेक गिर्यारोहक करतात.

१७७४ चा प्रयोग

आयझॅक न्यूटन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतानुसार मोठ्या डोंगराजवळ टांगलेला ओळंबा डोंगराकडे किंचित ओढला गेला पाहिजे. हे विचलन मोजता आले आणि डोंगराचे आकारमान व घनता माहीत असली, तर त्यावरून पृथ्वीची सरासरी घनता काढता येते. तथापि हा परिणाम मोजण्याइतका मोठा नसेल, असे न्यूटन यांना वाटत होते. पिएर बूगे व शार्ल मारी द ला काँदामिन या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७३८ मध्ये दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो पर्वतावर असा प्रयत्न केला, परंतु त्यातून खात्रीचे मूल्य हाती आले नाही.

लंडनच्या रॉयल सोसायटीने या प्रयोगासाठी योग्य डोंगर शोधण्याचे काम चार्ल्स मेसन यांच्याकडे सोपवले. त्यांनी १७७३ मध्ये शिहॅलियनची निवड केली. इतर डोंगरांचा प्रभाव पडू नये इतका तो एकाकी होता, आकाराने बराचसा सुडौल होता आणि त्याची धार पूर्व-पश्चिम असल्याने उत्तर व दक्षिण उतारांवर निरीक्षणे घेणे सोयीचे होते.

राजखगोलज्ञ नेव्हिल मॅस्केलिन यांनी १७७४ च्या उन्हाळ्यापासून शरद ऋतूपर्यंत दोन्ही उतारांवर मुक्काम करून ताऱ्यांची खस्वस्तिकापासूनची अंतरे मोजली. ढग, पाऊस आणि धुके यांमुळे काम वारंवार खोळंबत असे. ताऱ्यांवरून काढलेला दोन ठिकाणांच्या अक्षांशांतील फरक सुमारे ५४.६ विकला, तर जमिनीच्या मोजणीवरून आलेला फरक सुमारे ४३ विकला होता. उरलेला सुमारे ११.६ विकलांचा फरक डोंगराच्या दोन्ही बाजूंच्या आकर्षणामुळे पडला होता. या कार्यासाठी मॅस्केलिन यांना १७७५ चे कोपली पदक मिळाले.

मोजणीच्या आकड्यांवरून डोंगराचे घनफळ काढण्याचे किचकट काम गणितज्ञ चार्ल्स हटन यांनी केले. नकाशावर विखुरलेल्या असंख्य उंचींचा मेळ बसवण्यासाठी त्यांनी समान उंचीची ठिकाणे रेषांनी जोडली. समोच्च रेषांच्या प्रारंभीच्या उपयोगांपैकी हा एक मानला जातो. हटन यांनी १७७८ मध्ये पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या सुमारे साडेचार पट असल्याचे जाहीर केले. आजचे मान्य मूल्य सुमारे ५.५ पट आहे. पृथ्वीची घनता पृष्ठभागावरील खडकांपेक्षा बरीच जास्त असल्याने ती आतून पोकळ नाही व तिचा अंतर्भाग धातूंसारख्या जड द्रव्याचा असावा, हे या प्रयोगाने दाखवून दिले. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७९८ मध्ये प्रयोगशाळेत केलेले मापन याहून अचूक ठरले.

डोंगरामुळे ओळंबा ढळण्याचा हाच प्रश्न पुढे भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातही उद्भवला. उत्तरेकडील कलियाना व मध्य भारतातील कल्याणपूर या ठिकाणांच्या अक्षांशांतील तफावत हिमालयाच्या आकर्षणाने पडली असावी, असे मानून कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी १८५५ मध्ये गणित मांडले. प्रत्यक्ष तफावत अपेक्षेपेक्षा बरीच कमी निघाली. तिचा उलगडा करताना भूकवचाच्या समतोलाची कल्पना पुढे आली.

चढाई

नेहमीची वाट डोंगराच्या ईशान्य पायथ्याशी असलेल्या ब्रेझ ऑफ फॉस येथील वाहनतळापासून सुरू होते. तेथे मॅस्केलिन यांच्या प्रयोगाचे स्मारक आहे. जाऊन-येऊन अंतर सुमारे १० किलोमीटर आणि चढ सुमारे ७५० मीटर असून त्यासाठी साधारणपणे चार ते सहा तास लागतात. सर्वांत जवळचे रेल्वे स्थानक पिटलॉक्री येथे आहे.

आरंभी वाट हेदर या झुडपांनी व्यापलेल्या माळावरून जाते आणि मग पूर्वेकडील सोंडेवर चढते. येथपर्यंत ती बांधीव व स्पष्ट आहे. त्यानंतर धोंड्यांचा प्रदेश लागतो व पायवाट अस्पष्ट होते. एक उंचवटा गाठल्यावर पुढे दुसरा दिसतो, त्यामुळे माथा जवळ आल्याचा भास वारंवार होतो. निमुळत्या खडकाळ माथ्यावरून निरभ्र दिवशी रॅनोक सरोवर, त्यापलीकडील रॅनोक मूर ही दलदलीची पठारभूमी आणि पश्चिमेस ग्लेन कोचे डोंगर दिसतात.

सोपा डोंगर हा शिहॅलियनचा लौकिक काही वेळा फसवा ठरतो. ओले धोंडे निसरडे होतात आणि धुक्यात वाट चुकल्यास दोन्ही बाजूंना तीव्र उतार असतात. त्यामुळे नकाशा व होकायंत्र वापरता येणे आवश्यक मानले जाते. हिवाळ्यात बर्फावर चालण्याची साधने लागतात. डिसेंबरच्या उत्तरार्धात येथे दिवस सात तासांहूनही लहान असतो.

संवर्धन

डोंगराचा पूर्व भाग जॉन म्यूर ट्रस्ट या संस्थेने १९९९ मध्ये विकत घेतला. त्या काळी हजारो पावलांनी जुनी वाट रुंदावून दलदलीच्या मातीवर मोठा चरा पडला होता. संस्थेने अधिक टिकाऊ जमिनीवरून नवी पायवाट बांधली व जुन्या वाटेवर वनस्पती पुन्हा वाढू दिल्या. हे काम २००३ मध्ये पूर्ण झाले. त्याच वर्षी संमत झालेल्या भूसुधार कायद्याने स्कॉटलंडमधील बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने फिरण्याचा हक्क सर्वांना दिला. त्यामुळे येथे चढण्यासाठी परवाना लागत नाही. मात्र पायवाट न सोडणे, कुत्रे ताब्यात ठेवणे आणि कचरा परत नेणे अपेक्षित असते. टार्मिगन व काळा ग्राउझ हे पक्षी तसेच पहाडी ससा या परिसरात आढळतात. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी वसंत व उन्हाळ्यातील शांतता विशेष महत्त्वाची असते.