घरगुती निवासाचा हिशेब : आकार, नियम आणि आतिथ्य

दिवाळी, नाताळ किंवा मे महिन्याची सुटी लागली, की मुंबई-पुण्याच्या पर्यटकांची पावले कोकणाकडे वळतात. हॉटेलच्या बंद खोलीपेक्षा नारळी-पोफळीच्या वाडीतील घर त्यांना अधिक भावते. अलिबाग, दापोली, गुहागर, मालवण या पट्ट्यात घरातील दोन-तीन खोल्या पाहुण्यांसाठी राखून ठेवणारी अनेक कुटुंबे आहेत. शेती-बागायतीला हा मोठाच आधार ठरतो. मात्र हा व्यवसाय केवळ अगत्यावर चालत नाही. पाहुणा आणि यजमान यांच्यातील कटुतेचे मूळ बहुधा खोलीत नसते. ते न सांगितलेल्या आकारात आणि न सांगितलेल्या नियमांत असते. म्हणूनच खोलीचे दर ठरवण्यापूर्वी पुढील बाबींचा हिशेब मांडणे आवश्यक आहे.

संकल्पना जुनी, माध्यम नवे

पाहुण्याला खोली आणि सकाळची न्याहारी देण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. राज्याची 'न्याहारी व निवास' योजना इंटरनेटवरील आरक्षणाच्या आधीपासून कोकणात परिचित आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या योजनेत एक ते सहा खोल्या, म्हणजे कमाल १२ खाटा असलेल्या घरांना 'रौप्य' आणि 'सुवर्ण' असे दर्जे दिले जातात. मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहावे, ही तिची मुख्य अट. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात २००८ साली सुरू झालेल्या 'एअरबीएनबी'च्या नावातही हवा भरलेली गादी आणि न्याहारी यांचाच उल्लेख दडलेला आहे. फरक इतकाच, की आता पाहुणा घर पाहण्याआधी पडद्यावर दर पाहतो आणि आधीच्या पाहुण्यांचे अभिप्राय वाचतो.

पाहुणा देतो किती, हाती येते किती?

संकेतस्थळावर दिसणारा दर आणि यजमानाच्या खात्यात जमा होणारी रक्कम एक नसते. एअरबीएनबीवर शुल्काच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत यजमानाकडून साधारण ३ टक्के घेतले जातात आणि उरलेला सेवा आकार पाहुण्याच्या बिलात लागतो. दुसरीत सर्व शुल्क यजमानाकडूनच घेतले जाते; ते १५ टक्क्यांच्या घरात जाते. आपले घर कोणत्या पद्धतीत मोडते, हे पाहिल्याशिवाय दर ठरवणे म्हणजे अंदाजपंचे कारभार होय.

उदाहरणादाखल, खोलीचा दर रात्रीला ३,००० रुपये, मुक्काम दोन रात्रींचा आणि स्वच्छता आकार ६०० रुपये धरू. एकूण ६,६०० रुपये होतात. पहिल्या पद्धतीत त्यावर ३ टक्के म्हणजे १९८ रुपये शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी म्हणजे सुमारे ३६ रुपये वजा जातात. हाती ६,३६६ रुपये उरतात. चादरी-टॉवेलांची धुलाई, सफाई करणाऱ्या बाईंची मजुरी, वीज, गॅस आणि न्याहारीचे सामान यांचा खर्च यातूनच भागवायचा असतो. कमाई म्हणायची ती त्यानंतर उरणाऱ्या रकमेला.

स्वच्छता आकाराचे गणित

स्वच्छतेचा खर्च मुक्काम एका रात्रीचा असो वा पाच, जवळपास तेवढाच येतो. पण पाहुण्याला तो सारखा वाटत नाही. ३,००० रुपयांच्या एका रात्रीवर ६०० रुपये म्हणजे दरात थेट २० टक्क्यांची वाढ. पाच रात्रींच्या १५,००० रुपयांवर मात्र ती अवघी ४ टक्के. कोकणात शनिवारी येऊन रविवारी परतणारा पाहुणा मोठ्या संख्येने असतो. त्याला हा आकार जाचक वाटणे स्वाभाविक आहे. अशा ठिकाणी दोन मार्ग उपलब्ध असतात : आकार दरातच मिसळून टाकावा किंवा सुट्यांच्या काळात किमान दोन रात्रींची अट घालावी. पाहुण्याला आरक्षण करतानाच एकूण रक्कम दिसायला हवी. गिझर, वातानुकूलन किंवा जादा गादी यांचे पैसे निघताना मागितले, तर दोनशे रुपयांपायी पुढचे अनेक पाहुणे दुरावतात.

कराची बाजू

खोलीचा दर दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत असल्यास २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी लागू आहे. पूर्वी तो १२ टक्के होता. मात्र ५ टक्क्यांच्या दरात खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. ७,५०० रुपयांहून अधिक दरावर १८ टक्के कर आहे. महाराष्ट्रात सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असल्यास सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. परंतु अशा नोंदणी नसलेल्या यजमानाची खोली संकेतस्थळामार्फत गेली, तर निवासावरील कर पाहुण्याकडून घेऊन भरण्याची जबाबदारी त्या संकेतस्थळावर येते. वरील उदाहरणात ६,६०० रुपयांवर ३३० रुपये कर पाहुण्याच्या बिलात लागेल.

आरक्षणाच्या एकूण रकमेवर संकेतस्थळाकडून टीडीएसही कापला जातो. हा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आला आहे. वैयक्तिक यजमानाने पॅन किंवा आधार क्रमांक दिला असेल आणि त्या संकेतस्थळावरील वर्षाची रक्कम ५ लाख रुपयांच्या आत असेल, तर ही कपात होत नाही. मात्र कपात झाली नाही म्हणून उत्पन्न करमुक्त ठरत नाही. विवरणपत्रात ते दाखवावेच लागते.

आरक्षण रद्द झाल्यास

नियमांतील सर्वांत नाजूक कलम हेच. एअरबीएनबीच्या 'लवचिक' धोरणात आगमनाच्या २४ तास आधीपर्यंत, तर 'मध्यम' धोरणात पाच दिवस आधीपर्यंत आरक्षण रद्द केल्यास पाहुण्याला पूर्ण परतावा मिळतो. ऐन नाताळात एक दिवस आधी रिकामी झालेली खोली पुन्हा भरणे अवघड असते. पावसाळ्यातील आडवारी मात्र कठोर अट घातल्यास पाहुणा फिरकतच नाही. त्यामुळे आपल्या गावाचा हंगाम पाहून धोरण निवडावे.

आरक्षण यजमानाने रद्द केल्यास फटका अधिक मोठा असतो. एअरबीएनबी अशा वेळी आरक्षणाच्या रकमेच्या १० ते ५० टक्के दंड आकारू शकते. आगमनाची तारीख जवळ येईल तसा तो वाढतो. कोकणातील यजमानाने यासाठी गणेशोत्सव विशेष ध्यानात ठेवावा. चाकरमानी घरी येतात आणि पाहुण्यांची खोली अचानक घरच्यांनाच लागते. गणपतीच्या आणि शिमग्याच्या तारखा पंचांगात आधीच ठाऊक असतात. वर्षाच्या सुरुवातीलाच त्या बंद करून ठेवणे शहाणपणाचे.

फोनवरून थेट होणाऱ्या आरक्षणालाही हेच लागू आहे. आगाऊ रक्कम किती, ती कधी आणि किती परत मिळेल, हे संदेशाद्वारे लेखी कळवूनच पैसे स्वीकारावेत.

घराचे नियम

आगमन-निर्गमनाची वेळ, पाहुण्यांची कमाल संख्या, मद्यपान, मांसाहार, पाळीव प्राणी यांविषयीचे नियम आरक्षणापूर्वीच वाचायला मिळावेत. स्वयंपाकघरात मासळी चालत नसेल, तर ते मालवणात बांगडा घेऊन आलेल्या पाहुण्याला दारात सांगण्यात अर्थ नाही. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी घातली आहे. अंगणातील गाण्यांबाबत हा आधार यजमानाच्या कामी येतो. मात्र जात वा धर्म पाहून खोली नाकारणे हा 'घरचा नियम' होऊ शकत नाही. संकेतस्थळाच्या भेदभावविरोधी धोरणाचाही तो भंग ठरतो. घराच्या आत कॅमेरे लावण्यास एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून मनाई केली आहे.

ओळखपत्र प्रत्येक प्रौढ पाहुण्याचे पाहावे. आधार कार्ड दिल्यास शेवटचे चार अंकच दिसणारी प्रत पुरते. परदेशी पाहुण्याची माहिती आगमनापासून २४ तासांत शासनाच्या ऑनलाइन प्रणालीत नोंदवणे बंधनकारक आहे. मोडतोड झाल्यास छायाचित्रे काढावीत. एअरबीएनबीकडे भरपाईची मागणी पाहुणा गेल्यापासून १४ दिवसांत करावी लागते. शहरातील सदनिका देणाऱ्यांनी गृहनिर्माण संस्थेचे उपविधी आधी तपासावेत. गोव्यात घर असणाऱ्यांना १९८२च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी करावी लागते.

आतिथ्य : थोडे, पण नेमाने

पाहुण्याला खूश करण्यासाठी महागड्या भेटी लागत नाहीत. आल्यावर कोकम सरबत, सकाळी घावणे-चटणी, अंगणातील एक सायकल, सामान ठेवायला जागा, एवढ्याने काम भागते. गावातील खानावळी, डॉक्टर आणि रिक्षावाल्यांचे क्रमांक तसेच भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेला कागद खोलीत असावा. समुद्राची ओळख नसलेल्या पाहुण्याचा त्यामुळे जीवही वाचू शकतो. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद असते, हेही आरक्षणाच्या वेळीच सांगावे.

जाहिरातीत मात्र तेच लिहावे, जे बाराही महिने देता येईल. हापूसची पेटी एप्रिल-मेमध्ये आनंदाची भेट ठरते. जाहिरातीत छापली, तर नोव्हेंबरमध्ये तीच तक्रार होते. खोली रिकामी असल्यास लवकर प्रवेश मोफत द्यावा, पण त्याचे वचन देऊ नये. एअरबीएनबीवर 'सुपरहोस्ट' होण्यासाठी ४.८ सरासरी गुण, ९० टक्के प्रतिसाद आणि यजमानाकडून रद्द झालेल्या आरक्षणांचे १ टक्क्याहून कमी प्रमाण लागते. या तिन्ही अटी दिलेला शब्द पाळण्याच्याच आहेत.

हे ध्यानात ठेवा

* एकूण रक्कम आरक्षणापूर्वीच सांगा. निघताना नवा आकार लावू नका.
* शुल्क, धुलाई, सफाई, वीज वजा जाता उरणाऱ्या रकमेवर दर ठरवा.
* घरच्या सण-समारंभाच्या तारखा वर्षारंभीच बंद करा.
* थेट आरक्षणातही परताव्याची अट लेखी द्या.
* आश्वासने मोजकी द्या. दिलेली मात्र प्रत्येक पाहुण्यासाठी पाळा.