'बिविल्डर' आणि 'गोंधळणें'

शाळेंत इंग्रजी शिकवितांना 'बिविल्डर' या क्रियापदाचा अर्थ 'गोंधळविणें' असा एका शब्दांत सांगून मी वर्षानुवर्षें मोकळा होत असें. अर्थ चुकीचा नव्हता. पण दोन्ही शब्दांच्या पोटांत काय आहे, हें मीं मुलांना कधीं सांगितलें नाहीं. तें ऋण आज फेडावयाचें आहे.

'बिविल्डर' इंग्रजींत सतराव्या शतकांत रूढ झालें. त्यांतील 'विल्डर' म्हणजे वाट चुकविणें. रान या अर्थाच्या 'विल्डरनेस' शब्दाशीं त्याचें नातें मानितात. म्हणजे मुळांत हा अनुभव वाट चुकलेल्या एकट्या वाटसरूचा. पुढें रान मागें पडलें आणि मनाची वाट चुकणें एवढाच अर्थ उरला. त्याच भाषेंतील 'नॉनप्लस' लॅटिनमधून आला. 'याहून अधिक नाहीं', म्हणजे बुद्धीची धाव संपली, असा त्याचा भाव. गंमत अशी कीं, अमेरिकेंत अलीकडे कित्येक लोक तोच शब्द 'अविचल' अशा अगदीं उलट अर्थानें योजितात!

आपलें 'गोंधळणें' रानांतून आलें नाहीं. तें घरापुढच्या मांडवांतून आलें. लग्नकार्यानंतर कुलस्वामिनीच्या नांवानें गोंधळी उभे राहतात, दिवटी पेटते, संबळ-तुणतुण्यांचा नाद सुरू होतो, ठिकठिकाणच्या देवतांना आवाहन होतें. या गजबजाटावरून गडबडीला 'गोंधळ' म्हणूं लागले व त्यापासून क्रियापद झालें. इंग्रज एकटा पडला म्हणजे भांबावतो आणि मराठी माणूस गर्दींत गोंधळतो, असें शब्दांवरून तरी दिसतें.

परंतु आमच्या मालेगांवीं घडलेला एक घोटाळा या दोन्ही तऱ्हांहून निराळा आहे. मोसम नदीकांठीं नारो शंकर राजेबहाद्दर यांनीं बांधलेला भुईकोट किल्ला १८१८ च्या मे महिन्यांत लेफ्टनंट कर्नल मॅक्डोवेल यांच्या फौजेनें वेढला. आंतील अरब शिबंदी सुमारें महिनाभर झुंजली. दारूचें कोठार उडाल्यावर जूनमध्यें ती शरण आली. शरणागतांस अभयाचा कागद मराठींत लिहून देण्यांत आला. त्यांतील शब्दांनीं मात्र सेनापतीच्या मनांत होतें त्याहून अधिक आश्वासन दिलें. पुढें अर्थाविषयीं वाद पडला, तेव्हां एल्फिन्स्टन यांनीं सेनापतीचा हेतु नव्हे, तर कागदाचा उदार अर्थ प्रमाण मानिला.

येथें कोणी रानांत चुकला नव्हता, कीं संबळाचा गजर नव्हता. लिहून देणाऱ्यास आपण काय देत आहों हें पक्कें ठाऊक आहे असेंच वाटलें असावें. आणि तोच गोंधळ सर्वांत घातक. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला. अशा कोशांची गरज केवळ पंडितांना नव्हती. माणसांचें स्वातंत्र्य एखाद्या शब्दावर अवलंबून असतें, हें मालेगांवच्या त्या कागदानें दाखविलें होतें.

म्हणून घरांतल्या मुलानें 'मी गोंधळलों' असें म्हटलें, तर त्याला रागें भरूं नये. आपणांस समजलेलें नाहीं, एवढें तरी त्याला समजलें आहे. त्या किल्ल्याखालीं तेवढें समजतें, तर कागद पुन्हां एकदां वाचून पाहिला असता.